मुक्ता साळवेचा निबंध आणि आपल्या पोरांच्या वह्या

आम्ही काही कार्यकर्ते नांदेडमधल्या एका वस्तीतल्या विहारात दर रविवारी मुलांचा वर्ग घेतो. मागच्या वर्षी चौथीतल्या एका मुलीने आम्हाला शाळेच्या वहीतला ‘माझी आई’ हा निबंध दाखवला. आई पहाटे उठते, देवपूजा करते, मला गरम दूध देते, शाळेच्या बसपर्यंत सोडायला येते. अक्षर सुंदर, चूक एकही नाही, दहापैकी नऊ गुण. त्या दिवशी त्या मुलीची आई कोयता घेऊन उसाच्या फडात होती आणि मुलगी आजीकडे राहत होती. घरात देवपूजा नाही, बुद्धवंदना होते. निबंध गाईडातला होता.

आम्ही तिला म्हणालो, “आता तुझ्या मायबद्दल लिही.” ती बराच वेळ पेन्सिल धरून बसली. मग तिने विचारले, “तसलं लिहिलेलं चालतंय का?”

मित्रांनो, या प्रश्नाचे उत्तर आपल्या इतिहासात आहे. ‘ज्ञानोदय’ने १५ फेब्रुवारी आणि १ मार्च १८५५ च्या अंकांत ‘मांग महारांच्या दुःखाविषयी’ हा निबंध छापला. लिहिणारी मुक्ता साळवे. वय चौदा, जात मांग, शिक्षण तीन वर्षे, शाळा जोतीराव-सावित्रीबाईंची. आजच्या हिशेबाने प्राथमिक वर्गातली विद्यार्थिनी.

तिने काय लिहिले? वेदांवर ब्राह्मण एकट्याचाच हक्क सांगत असतील आणि आम्हाला ते पाहण्याचाही अधिकार नसेल, तर आमचा धर्म कोणता, असा सवाल तिने थेट देवाला केला. पेशवाईत मांग-महार तालीमखान्यासमोरून गेला तर गुलटेकडीच्या मैदानात त्याच्या शिराचा चेंडू होत असे, हे लिहिले. इमारतींच्या पायात आपली माणसे पुरली जात, हे लिहिले. बाळंतपणात आमच्या बायकांच्या डोक्यावर छप्परही नसते, हे लिहिले. दगड लागून आमच्या पोराचे रक्त निघाले तरी तक्रार होत नाही, कारण उष्टे मागायला त्याच दारात जावे लागते, हेही लिहिले. आणि आपल्याच लोकांना सांगितले की या दुखण्यावर ज्ञान हेच औषध आहे.

दर ३ जानेवारीला आपण व्यासपीठावरून मुक्ताचे नाव घेतो, टाळ्या पडतात आणि कार्यक्रम संपतो. पण चौदा वर्षांच्या मुलीला हे लिहिता कसे आले, असे आपण विचारत नाही. ती हुशार होती एवढे उत्तर पुरत नाही. हुशार पोरे प्रत्येक मांगवाड्यात, महारवाड्यात होती. आम्हाला यामागे तीन गोष्टी दिसतात.

पहिली, वर्गाचे दार तिच्यासाठी उघडे होते. दुसरी, शिकवणारी बाई स्वतः लिहिणारी होती. सावित्रीबाईंचा ‘काव्यफुले’ हा संग्रह १८५४ चा, म्हणजे मुक्ताच्या निबंधाच्या आदल्या वर्षीचा. जिच्या हातात लेखणी आहे अशी शिक्षिका मुलीने रोज पाहिली. तिसरी, तिचे लिहिणे छापणारे कोणीतरी होते. मिशनऱ्यांचा हेतू काहीही असो, एका मांगाच्या पोरीचा शब्द त्यांनी छापला म्हणून तो आज आपल्या हातात आहे. यानंतरचे मुक्ताचे दुसरे लिखाण आज उपलब्ध नाही. सुरुवात झाली म्हणजे लेखक टिकतोच असे नाही, हेही आपण यातून शिकले पाहिजे.

जोतीरावांना शिक्षकाचे हे महत्त्व पक्के माहीत होते. १८८२ मध्ये हंटर आयोगाला दिलेल्या निवेदनात त्यांनी प्राथमिक शिक्षणाला अग्रक्रम मागितला. शिक्षक शेतकरी-कष्टकरी वर्गातून यावेत, ते मुलांत मिसळणारे असावेत, असा त्यांचा आग्रह होता. ज्या गुरुजींना फड, मुकादम, उचल हे शब्दच परके आहेत, ते मुलाला ‘तुझ्या घरचे लिही’ असे कसे म्हणतील?

आता मराठवाड्याकडे या. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या राज्यात होतो. शाळा थोड्या, वरच्या वर्गांचे माध्यम उर्दू, त्यात अस्पृश्याचे पोर. पुण्यात १८५५ मध्ये घडले त्याची बरोबरी इथे व्हायला बाबासाहेब यावे लागले. १९५० मध्ये त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादला महाविद्यालय काढले, तेच पुढे मिलिंद झाले. तिथेही त्याच तीन गोष्टी जुळल्या. दार उघडे झाले. प्राचार्य म. भि. चिटणीस स्वतः नाटककार, त्यांचे ‘युगयात्रा’ मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी केले. आणि पुढे गंगाधर पानतावणेंच्या ‘अस्मितादर्श’ने नव्या पोरांचे लिहिणे छापले. दलित साहित्य नुसत्या वेदनेतून उगवले नाही. त्यामागे वर्ग, शिक्षक आणि छापील पान होते.

पण हे महाविद्यालयात झाले. चौथीत, सातवीत गळालेल्या पोरांचे काय? लातूर तालुक्यातल्या धनेगावचे लक्ष्मण गायकवाड पाहा. ज्या समाजावर इंग्रजांनी गुन्हेगारीचा शिक्का मारला, त्या समाजातले ते शाळेत गेले. पुढे सूतगिरणीत कामगार झाले, चळवळीत आले आणि १९८७ मध्ये ‘उचल्या’ प्रसिद्ध झाले. त्याला १९८८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यांच्या बरोबरीची किती पोरे वहीपर्यंतही पोचली नाहीत, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

आज याच भागात ‘लातूर पॅटर्न’चा डंका आहे. नांदेड-लातूरच्या शिकवण्यांसाठी जिल्ह्याजिल्ह्यांतून पोरे येतात. आपलीही पोरे डॉक्टर व्हावीत, जरूर व्हावीत. पण चार पर्यायांतून एक गोल काळा करायचा, हीच विद्या आता पाचवीपासून सुरू होते आहे. आपले काही कार्यकर्ते म्हणतात, “आधी नोकरी, लिहिणे नंतर. आणि पोरांना गावठी भाषेत लिहू दिले तर ती मागेच राहतील.”

आमचे उत्तर असे. प्रमाण मराठी शिकवलीच पाहिजे, पण लाल पेन दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला पोराने जे पाहिले ते त्याच्याच बोलीत उतरू द्या. आणि लिहिणे ही चैन समजू नका. अत्याचाराच्या प्रकरणात आम्ही लोकांसोबत पोलीस ठाण्यात जातो. फिर्याद सांगणारा आपला माणूस, लिहिणारा हवालदार. सांगितलेले एक आणि कागदावर दुसरे, असे आम्ही पाहिले आहे. म्हणूनच २०१५ च्या दुरुस्तीने अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात स्पष्ट केले की तोंडी माहिती लिहून घेतल्यावर ती वाचून दाखवावी, मगच सही घ्यावी. जो आपली हकीकत स्वतः लिहू शकतो, त्याची हकीकत बदलणे अवघड जाते.

विद्यापीठाला बाबासाहेबांचे नाव मिळावे म्हणून नांदेड जिल्ह्यातले पोचिराम कांबळे १९७८ मध्ये शहीद झाले. गौतम वाघमारेंनी १९९३ मध्ये नांदेडातच आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ ला ते नाव लागले. त्या विद्यापीठापर्यंत पोचणारे पोर आधी आपल्या वस्तीतल्या चौथीच्या वर्गात बसते.

म्हणून आमची मागणी छोटी आहे. प्रत्येक विहारात मुलांची एक भित्तिपत्रिका लावा, महिन्याला बदला. येत्या १४ एप्रिलला डीजेच्या वर्गणीतला थोडा पैसा काढून वस्तीतल्या मुलांचे हस्तलिखित काढा आणि जयंतीच्या मंचावर मुलांनाच ते वाचू द्या. वर्ग घेणाऱ्या दादाने, ताईने आधी स्वतः एक पान लिहून मुलांना वाचून दाखवावे.

त्या मुलीला आम्ही म्हणालो, “चालतंय.” तिने सहा ओळी लिहिल्या. माय दिवाळीच्या आधी टोळीत जाते. फोनवर ती रडत नाही, आजी रडते. मायच्या हाताला पाचट कापते. शुद्धलेखनाच्या अकरा चुका होत्या. विहाराच्या भिंतीवर पहिले पान तेच लागले आहे.

जय भीम!