सारिका काळे कोण?

परवा देवगाव फाट्यावर चहा पिता पिता सहज विचारलं, सारिका काळे कोण? एकाला माहीत. बाकीच्यांना क्रिकेटमधला बारावा गडीसुद्धा पाठ! म्हणून लिहितोय. जरा लांबेल, पण वाचा.

सारिका आपल्या मराठवाड्याची, धाराशिवची. तेराव्या वर्षी खो-खो खेळायला लागली. वडिलांना शारीरिक अडचण, घर चालायचं आई आणि आजी-आजोबांच्या कमाईवर. तिनंच सांगितलंय की जवळपास दहा वर्षं दिवसातून एकदाच जेवण मिळायचं. बरं काही खायला मिळायचं ते शिबिरात नाहीतर स्पर्धेला गेल्यावर. खो-खो आपण सगळेच शाळेत खेळलोय. दोन खांब आणि चुन्याची फक्की, झालं मैदान. पण चौकोनातून उठून वाऱ्यासारखं सुटायचं, वाकून वळायचं, खांबावर सूर मारायचा, हे एका जेवणावर करून बघा म्हणजे कळेल.

२०१६ साली गुवाहाटीच्या दक्षिण आशियाई स्पर्धेत तिच्या कर्णधारपदाखाली भारताच्या मुलींनी सुवर्ण जिंकलं. आणि त्याच वर्षी घरच्या पैशाच्या ओढाताणीनं तिनं खेळ सोडायचं ठरवलं होतं! प्रशिक्षक चंद्रजित जाधव सरांनी समजूत घातली, तेव्हा पुन्हा मैदानात आली. पुढं तुळजापूरला तालुका क्रीडा अधिकारी म्हणून सरकारी नोकरी लागली. २०२० ला अर्जुन पुरस्कार. खो-खोला हा मान तब्बल २२ वर्षांनी मिळाला. आधीचा १९९८ चा, शोभा नारायण यांचा.

आयर्लंडमध्ये हर्लिंग नावाचा त्यांचा मातीतला खेळ आहे. खेळाडूंना पगार नाही. कुणी मास्तर, कुणी शेतकरी. पण अंतिम सामन्याला डब्लिनच्या क्रोक पार्कमध्ये ऐंशी हजारांवर माणूस! पैसा नसला तरी गाव खेळाडूला नावानं ओळखतं. आपल्याकडं दोन्ही नाही.

जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत पहिला खो-खो विश्वचषक झाला. मुलींनी अंतिम फेरीत नेपाळला ७८-४० नं हरवलं. कर्णधार प्रियंका इंगळे, मूळची बीड जिल्ह्यातली. म्हणजे दोन्ही कर्णधार आपल्याच भागातल्या.

तुमच्या शाळेत, गावात पोरी अजून खो-खो खेळतात का? दहावीनंतर किती जणी मैदानावर दिसतात? खाली गावाच्या नावासकट लिहा.