घराखाली पुरलेली बाई

आज शिरूर तालुक्यात जाऊया, घोड नदीकाठच्या इनामगावला. डेक्कन कॉलेजनं इथं १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. सांकलिया, ढवळीकर, अन्सारी ही त्यातली मोठी नावं. तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची १३० हून जास्त घरं उघडी पडली. मी मात्र एकाच घराबद्दल बोलणार आहे.

त्या घराच्या जमिनीखाली मातीची लांबट पेटी पुरलेली होती. आत बाईची छोटी मूर्ती. झाकणावर आणखी एक बाई, पण हिला डोकंच नाही, आणि सोबत बैल. बाईच्या पोटाला भोक आहे, बैलाच्या पाठीलाही. मधे काडी घातली की बाई बैलावर बसते!

हे सगळं कच्च्या मातीचं आहे. मला हीच गोष्ट सगळ्यात बोलकी वाटते. या लोकांची जोर्वे भांडी इतकी छान भाजलेली की वाजवली तर खणखणतात. म्हणजे भट्टी होती, तरी मूर्ती भाजल्या नाहीत. बेंदराला आपण मातीचे बैल करतो ना, तसंच काहीतरी असावं. कामापुरतं पुजायचं आणि मग मातीत द्यायचं. काम कसलं? याच वस्तीत दगावलेली लेकरं दोन मडक्यांची तोंडं जुळवून घरातच पुरायचे. माझ्या डोक्यात ती मडकी आणि ही पेटी वेगळी होतच नाहीत.

'मातृदेवता' असं लेबल लावून मोकळं होणं सोपं आहे. पण काँगोतल्या लेगा लोकांकडं बघा. त्यांच्या 'ब्वामी' मंडळात पायरीपायरीनं दीक्षा मिळते. हस्तिदंताच्या, लाकडाच्या छोट्या मूर्ती वरच्या पायरीच्या माणसांकडंच असायच्या, आणि दाखवताना सोबत म्हण सांगितली जायची. म्हणीशिवाय मूर्ती मुकी. युरोपातल्या संग्रहालयांत अशा कितीतरी मुक्या मूर्ती आहेत.

इनामगावची म्हण तर गेलीच. पण आपले टाक आहेत अजून. शिरूर-दौंडकडच्या कितीतरी देव्हाऱ्यांत घोड्यावर बसलेला एक टाक दिसेल. तो खंडोबाही असू शकतो, नाहीतर घराण्यातला कुणी वीर. बाहेरच्याला दोन्ही सारखेच. भाऊ वेगळे झाले की धाकटा सोनाराकडून नवे टाक करून घेतो, पण कोणता कुणाचा हे त्याला तोंडीच कळतं.

तुमच्याकडचा घोडेस्वार कोण? आजीला विचारा आणि तिच्याच आवाजात मला व्हॉइस नोट पाठवा.