परसातील हौदात फुलवा देशी कमळ

कडक ऊन आणि पाण्याची चणचण यांमुळे सोलापुरात परसदारी पाणवनस्पती लावण्याचा विचार सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः कमळ (शास्त्रीय नाव नेलुम्बो न्यूसिफेरा) ही भारतातील मूळची वनस्पती असून तिला भरपूर ऊन मानवते. सोलापूरची काळी चिकणमातीही तिला पोषक ठरते.

ओळख : कमळ आणि कुमुदिनी यांत अनेकदा गल्लत होते. कमळाचे पान गोल, अखंड असते व देठ त्याच्या मध्यभागी जोडलेला असतो. पुढे पाने व फुले पाण्यावर उंच येतात. कुमुदिनीचे पान एका बाजूस चिरलेले असून ते पाण्यावर तरंगते.

लागवड : किमान दीड फूट खोल व दोन फूट रुंद हौद किंवा टप पुरेसा होतो. त्याला रोज पाच-सहा तास ऊन मिळावे. तळाशी अर्धा फूट माती व थोडे पूर्ण कुजलेले शेणखत घालावे. कंद आडवा ठेवून त्याचा कोंब मातीबाहेर राहू द्यावा. कमळगट्ट्यापासूनही रोप होते. मात्र त्याचे कवच अतिशय कठीण असल्याने एका टोकाला कानशीने घासून बी पाण्यात भिजत ठेवावे. या कवचामुळेच चीनमध्ये सापडलेले सुमारे १३०० वर्षांपूर्वीचे बी रुजू शकले. बियांच्या रोपास फुले येण्यास अधिक काळ लागतो.

देखभाल : आरंभी पाणी उथळ ठेवून पाने वाढतील तशी पातळी वाढवावी. उन्हाळ्यात बाष्पीभवनाने घटलेले पाणी वरचेवर भरावे. संपूर्ण पाणी बदलण्याची गरज नसते. नळाचे पाणी एक दिवस उघडे ठेवून वापरावे. खत जास्त झाल्यास शेवाळ माजते. डासांच्या अळ्यांवर गप्पी मासे उपयुक्त असले, तरी ते परदेशी असल्याने तलावात सोडू नयेत.

दक्षता : जांभळ्या फुलांच्या मोहाने जलपर्णी मात्र आणू नये. दक्षिण अमेरिकेतून आलेली ही वनस्पती पाण्याचा पृष्ठभाग झाकून टाकते व पाण्यातील प्राणवायू घटवते. कंबर तलावाला पडलेला तिचा विळखा सोलापूरकरांनी पाहिला आहे. हौदातील कोणतीही वनस्पती ओढ्यात वा तलावात न टाकता उन्हात वाळवून तिचे खत करावे. घरचा हौद फुलवताना शहराचा तलाव जपणे, हेही बागप्रेमींचे कर्तव्यच आहे.