पोथ्यांची खोली : उष्मा, ओलावा आणि जतन

करजगी, अफझलपूर व गाणगापूर या परिसरात कन्नड बोलीच्या शेजारी मराठी पोथीवाचनाची परंपरा नांदत आली आहे. या परंपरेतील हस्तलिखिते ज्या देवस्थानांत वा घराण्यांत असतील, त्यांच्यासाठी ही माहिती आम्ही देत आहोत.

जुने लेखनिक पोथीच्या शेवटी तेल, पाणी व सैल बांधणी यांपासून ती जपण्याची विनवणी करीत. याच यादीत आज हवेचाही समावेश करावा लागतो.

हवेचा परिणाम

कागद व ताडपत्र हवेतील ओलावा शोषून फुगतात आणि कोरड्या हवेत आकसतात. हा क्रम वारंवार घडला की पाने वाकतात व चिरतात. सापेक्ष आर्द्रता दीर्घकाळ ६५ टक्क्यांवर राहिल्यास बुरशी धरते; ती फार उतरल्यास पाने ठिसूळ होतात. २०१४ साली आंतरराष्ट्रीय संवर्धन संस्थांनी १६ ते २५ अंश सेल्सिअस तापमान आणि ४० ते ६० टक्के आर्द्रता अशी मर्यादा सुचविली. आर्द्रतेचा चढउतार चोवीस तासांत १० टक्क्यांहून अधिक नसावा, असेही त्यांनी सांगितले.

यंत्र की भिंत?

आपल्याकडे उन्हाळ्यात पारा ४० अंशांवर जातो आणि पावसाळ्यात हवा दमट होते. त्यामुळे वातानुकूलन यंत्र बसवावे असे विश्वस्तांना वाटणे स्वाभाविक आहे. परंतु दिवसा चालणारे व रात्री बंद होणारे यंत्र रोजच चढउतार घडविते. वीज गेल्यावर बाहेरची दमट हवा आत शिरते आणि थंड पोथ्यांपाशी तिची आर्द्रता वाढते. अखंड वीज व देखभाल यांची खात्री नसेल, तर जाड भिंतींची मधली खोली अधिक भरवशाची होय.

पुण्याच्या पेशवे दफ्तरातील कागद रुमालांत बांधून ठेवण्याची पद्धत होती. त्याच कागदांतून रियासतकार गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात ४५ खंड संपादित केले. सुती कापड व लाकडी पेटी हवेतील बदल पोथीपर्यंत सावकाश पोहोचू देतात.

विश्वस्त व भाविकांसाठी सूचना

१. पोथ्या गाभारा, अभिषेकाची जागा, समई व धूप यांपासून दूर ठेवाव्यात.
२. कपाट भिंतीला चिकटवू नये. पत्र्याखालची व बाहेरच्या भिंतीलगतची जागा टाळावी.
३. पाण्याचा कूलर पोथ्यांच्या खोलीत लावू नये.
४. पोथी दोन फळ्यांमध्ये ठेवून धुतलेल्या सुती कापडात घट्ट बांधावी. प्लास्टिकच्या पिशवीत ओलावा कोंडतो.
५. पावसाळ्यानंतर पोथ्या उन्हात न घालता कोरड्या दिवशी सावलीत उघडाव्यात.
६. बुरशी दिसल्यास ती पोथी वेगळी ठेवावी. घासू नये, तज्ज्ञांस दाखवावी.
७. साधा आर्द्रतामापक बसवून सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहावा.

यंत्राचा खर्च ठरविण्यापूर्वी ही वही निदान एक वर्ष लिहावी. आपल्या खोलीत खरोखर काय घडते, हे तीच सांगेल. मूळ प्रत एकदा गेली की तिच्यातील पाठभेद आणि लेखनिकाचे हस्ताक्षर पुन्हा मिळत नाही. याची सर्वांनी नोंद घ्यावी, ही नम्र विनंती.