गजाचे वाचन : आनर बाइल्समा यांचे चेलोवादन आणि समीक्षेची परिभाषा

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बरोक चेलोवादनाच्या क्षेत्रात समीक्षकांनी जवळजवळ एकमुखाने गौरविलेले नाव म्हणजे डच वादक आनर बाइल्समा (1934–2019). या गौरवाची व्याप्ती सर्वज्ञात आहे. त्याची परिभाषा मात्र पुरेशी तपासली गेलेली नाही. बाइल्समा यांचा चेलो 'गातो' असे म्हणण्याकडे समीक्षेचा कल नव्हता; तो 'बोलतो', असे मात्र वारंवार म्हटले गेले. वाद्यसंगीताच्या मूल्यमापनात गाण्याचे रूपक मागे पडून बोलण्याचे रूपक पुढे यावे, ही घटना संगीताच्या इतिहासाइतकीच वाङ्मयीन संकल्पनांच्या इतिहासातही महत्त्वाची आहे.

गाण्याच्या रूपकामागे पाब्लो कासाल्स यांची प्रचंड सावली होती. योहान सेबास्टियन बाख याचे एकट्या चेलोसाठीचे सहा सुइट दीर्घकाळ सरावाची सामग्री मानले जात. किशोरवयीन कासाल्सना 1890च्या सुमारास बार्सिलोनातील एका दुकानात त्यांची छापील प्रत सापडली आणि 1936 ते 1939 या काळात त्यांनी या सहाही रचना ध्वनिमुद्रित केल्या. त्यानंतरच्या दोन पिढ्यांसाठी दीर्घ श्वासाची, अखंड आणि भावभारित स्वररेषा हाच या रचनांचा स्वभाव ठरला. बाइल्समा हे या परंपरेचे बाहेरून आलेले विरोधक नव्हते, ही गोष्ट लक्षात घेणे आवश्यक आहे. 1959 साली मेक्सिकोत झालेल्या, कासाल्स यांच्याच नावाच्या स्पर्धेत त्यांना पहिले पारितोषिक मिळाले होते आणि 1962 ते 1968 या काळात ते आम्स्टरडॅमच्या कॉन्सर्टगेबाऊ वाद्यवृंदाचे प्रमुख चेलोवादक होते. जुन्या वाद्यांची ओढ त्यांना हेग येथील गुरू कारेल फान लेउवेन बोम्कांप यांच्याकडून लाभली असावी. हे गुरू स्वतः व्हायोला दा गांबा वाजवीत आणि जुन्या वाद्यांचा संग्रह करीत.

1979 साली बाइल्समा यांनी सहा सुइट तातीच्या तारांवर ध्वनिमुद्रित केले. हे 'जुन्या पद्धतीच्या वाद्यावरील पहिले' ध्वनिमुद्रण, असा उल्लेख आजही आढळतो. तो बरोबर नाही. निकोलाउस हार्नोनकोर्ट यांनी 1965 सालीच या रचना बरोक चेलोवर ध्वनिमुद्रित केल्या होत्या. समीक्षेने पहिलेपणाचा मान बाइल्समांना का दिला, हा प्रश्न म्हणूनच उरतो. त्याचे उत्तर वाद्यापेक्षा उच्चारात शोधावे लागते. हार्नोनकोर्टनी वाद्य बदलले. बाइल्समांनी ते बदलताना वाक्यही बदलले. स्वरसमूह तोडणे, दुर्बल मात्रेवर आवाज सोडून देणे, नृत्याचा ठेका राखूनही उपवाक्यांत थांबे घेणे, कंपनाचा उपयोग केवळ अलंकारासारखा करणे, या साऱ्यांतून श्रोत्याला व्याकरण जाणवू लागले. समीक्षकांनी ज्याला 'बोलणे' म्हटले ते हे व्याकरण होय.

या व्याकरणाचा आधार एका हस्तलिखितात आहे. चेलो-सुइटची बाखच्या स्वहस्ताक्षरातील प्रत उपलब्ध नाही. अठराव्या शतकातील चार नकला मुख्य मानल्या जातात. त्यांत योहान पेटर केल्नर याची 1726ची नकल आणि बाखची पत्नी आना माग्दालेना हिची नकल विशेष महत्त्वाच्या. एका गजात किती स्वर घ्यावेत हे दाखवणाऱ्या वक्ररेषा आना माग्दालेनाच्या नकलेत अतिशय विषम आहेत. एकाच आकृतीची पुनरावृत्ती होताना रेषा मात्र दर वेळी वेगळ्या ठिकाणी सुरू होते. 1824 साली पॅरिसमध्ये हे सुइट प्रथम छापले गेले, तेव्हापासून संपादकांनी ही विषमता हातघाईतील चूक समजून सरळ केली. बाइल्समांनी उलट भूमिका घेतली. ही विषमता हेतुपूर्वक असून तीच या संगीताचा जिवंतपणा आहे, असे त्यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेल्या 'बाख, द फेन्सिंग मास्टर' या ग्रंथात मांडले. ग्रंथाच्या उपशीर्षकात पहिल्या तीन सुइटचे 'मोठ्याने वाचन' असे शब्द आहेत. वादनाला वाचन म्हणणारा हा वादक समीक्षेचे रूपक जाणूनबुजून स्वीकारत होता.

कठीण पाठ हा सोप्या पाठापेक्षा अधिक विश्वसनीय, हे पाठचिकित्सेतील तत्त्व महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीमुळे भारतीय अभ्यासकांना सुपरिचित आहे. बाइल्समांचा युक्तिवाद त्या तत्त्वाशी जुळणारा दिसतो. पण त्याला एक अडचण आहे. बाखच्या व्हायोलिनसाठीच्या एकल रचनांची 1720ची स्वहस्तलिखित प्रत उपलब्ध आहे आणि त्याच रचनांची आना माग्दालेनाने केलेली नकलही आहे. दोन्ही शेजारी ठेवल्यास स्वर बहुतांशी बिनचूक आढळतात, वक्ररेषा मात्र अनेकदा सरकलेल्या दिसतात. तेव्हा पाठचिकित्सा म्हणून बाइल्समांची बाजू दुबळी ठरते. वाचन म्हणून ती असाधारण समर्थ आहे. गौरवपर समीक्षेने या दोन गोष्टींची गल्लत केली आणि वाचनाच्या सामर्थ्याला पाठाच्या सत्यतेचे प्रमाणपत्र दिले.

या गल्लतीवर आक्षेप आलेच. लॉरेन्स ड्रायफस यांनी 1983च्या निबंधात जुन्या संगीताचा त्याच्या भक्तांपासून बचाव करण्याची भाषा वापरली. शीर्षकात बाखविषयीच्या थिओडोर अडोर्नो यांच्या 1951च्या निबंधाचा प्रतिध्वनी स्पष्ट आहे. रिचर्ड तारुस्किन यांनी 1995च्या 'टेक्स्ट अँड अॅक्ट' या संग्रहात आणखी पुढे जाऊन, ही तथाकथित ऐतिहासिक शैली वस्तुतः विसाव्या शतकाची आधुनिकतावादी अभिरुची आहे, असे प्रतिपादन केले. तारुस्किन यांचा रोख एकट्या बाइल्समांवर नव्हता. किंबहुना त्यांनी ज्या कोरड्या वस्तुनिष्ठतेवर टीका केली, ती बाइल्समांच्या लहरी, विनोदी आणि कधी हट्टी वादनाला लागू पडणे कठीण आहे.

एकलवादनाच्या या चर्चेत एक बाजू सातत्याने झाकोळली गेली, ती सहवादनाची. गुस्ताव लेओनहार्ट यांचे हार्पसिकॉर्ड, फ्रान्स ब्रुगेन यांची बासरी आणि बाइल्समांचा चेलो या त्रयीची कीर्ती मोठी होती. पण समीक्षेत चेलोच्या वाट्याला बहुधा एखादे विशेषण येई. बरोक संगीतात चेलोचे नित्याचे काम म्हणजे हार्पसिकॉर्ड वा ऑर्गनसह अखंड चालणारा खर्जाचा आधार देणे. 1971 ते 1990 या काळात लेओनहार्ट आणि हार्नोनकोर्ट यांनी बाखच्या धार्मिक कँटाटांची जी ध्वनिमुद्रणमाला पूर्ण केली, तिच्यातही बाइल्समांनी लेओनहार्ट यांच्या बाजूने हे काम केले. या मालेच्या दोन्ही सूत्रधारांना 1980 साली इरास्मस पारितोषिक मिळाले. खर्ज धरणारा वादक पारितोषिकाच्या कक्षेत येत नाही, हे रूढीला धरूनच झाले.

परंतु 'बोलणाऱ्या' गजाची शाळा याच ठिकाणी होती, असे मानण्यास सबळ जागा आहे. कँटाटांतील गद्यप्राय गायनभागांत, म्हणजे रेसिटाटिव्हमध्ये, खर्जाचे स्वर कागदावर दीर्घ लिहिलेले असतात. तत्कालीन प्रथेनुसार ते आखूड वाजवून गायकाच्या शब्दांना मोकळीक द्यावी, असे हार्नोनकोर्ट-लेओनहार्ट परंपरेने मानले. लिखित आणि वाजलेल्या स्वरांमधील या अंतराची चर्चा ड्रायफस यांच्या 1987च्या ग्रंथात विस्ताराने आली आहे. येथे चेलोवादकाला जर्मन वाक्याचा आघात, विराम आणि श्वास ऐकूनच गज उचलावा लागतो. शब्द दुसऱ्याचे, विरामचिन्ह मात्र त्याचे. एकल सुइटमध्ये शब्द उरत नाहीत; विरामचिन्हे तेवढी उरतात आणि सारी रचना वाक्यांची भासू लागते.

1992 साली बाइल्समांनी हेच सुइट पुन्हा ध्वनिमुद्रित केले, या वेळी स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहातील 1701 सालच्या 'सेर्वे' स्ट्राडिव्हारियसवर. हे वाद्य ज्याच्या नावाने ओळखले जाते तो बेल्जियन वादक आद्रियाँ-फ्रान्स्वा सेर्वे चेलो जमिनीवर टेकवण्याची दांडी रूढ करणारा म्हणून प्रसिद्ध आहे. म्हणजे बरोक चेलोला नसलेला अवयव ज्याने लोकप्रिय केला, त्याच्याच वाद्यावर बरोक चेलोचा अग्रणी आपले दुसरे वाचन करीत होता. पहिल्या ध्वनिमुद्रणाच्या तुलनेत हे वाचन अधिक सैल आणि मनस्वी आहे. त्याच सुमारास पत्नी व्हेरा बेथ्स आणि युर्गेन कुसमाउल यांच्यासह 'लार्किबुदेल्ली' या वृंदातून ते तातीच्या तारांवर मोत्सार्ट, शुबर्ट, ब्राम्स यांच्या रचना वाजवीत होते. वृंदाच्या नावातच गज आणि तात हे दोन शब्द एकत्र आले आहेत. चेलो या वृंदातही बहुतेक वेळ तळाचाच स्वर धरून असतो.