पाणथरी वाचवायला शंभर वर्षं लागली

स्वादुपिंडाची शेपटी थेट पाणथरीच्या, म्हणजे प्लीहेच्या, देठापाशी पोचते. प्लीहेची नीला त्या शेपटीच्या पाठीला चिकटून जाते आणि स्वादुपिंडातल्या कितीतरी नाजूक शिरा तिला येऊन मिळतात. त्यातली एखादी जरी फाटली, तरी रक्ताने काही दिसेनासं होतं. १८८२ साली जर्मनीत फ्रीडरिश ट्रेंडेलेनबुर्ग यांनी स्वादुपिंडाच्या शेपटीकडची गाठ काढली, तेव्हा प्लीहाही गेली. पुढे तोच रिवाज पडला. ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला मी निवासी डॉक्टर होतो. शेपटी काढायची म्हणजे पाणथरी जाणारच, यावर तेव्हा चर्चासुद्धा होत नसे.

प्लीहेवाचून माणूस जगतो, एवढाच त्याला आधार. तो १९५२ मध्येच डळमळला होता. अमेरिकेत किंग आणि शूमाकर यांनी प्लीहा काढलेल्या पाच तान्ह्या मुलांची हकीकत छापली आणि त्यानंतरच्या गंभीर जंतुसंसर्गाकडे बोट दाखवलं. न्यूमोकोकससारखे जंतू रक्तातून गाळण्याचं काम प्लीहेचं. ती नसेल, तर सकाळी आलेला ताप संध्याकाळपर्यंत जिवावर बेतू शकतो. मोठ्या माणसांत हा धोका कमी, पण जन्मभराचा.

कर्करोगात ही किंमत मोजायलाच हवी. तिथे प्लीहेसाठी अडून बसणारा सर्जन मला पटत नाही. पण स्वादुपिंडातली प्रत्येक गाठ कर्करोगाची नसते. व्हर्जिनिया फ्रांट्झ यांनी १९५९ मध्ये वर्णिलेली गाठ बहुतेक तरुण मुलींना होते आणि पूर्ण काढली की सहसा परत येत नाही. १९७८ मध्ये कोंपान्यो आणि अर्टेल यांनी पातळ पाण्याच्या, जवळजवळ नेहमीच निरुपद्रवी गाठी वेगळ्या ओळखल्या आणि चिकट द्रवाच्या, पुढे बिघडू शकणाऱ्या गाठी वेगळ्या. पंचविशीतल्या मुलीपुढे पन्नास वर्षं पडलेली असतात. तिची पाणथरी केवळ वाटेत आली म्हणून काढणं मला अन्यायाचं वाटतं.

१९८८ मध्ये बोस्टनच्या अँड्र्यू वॉरशॉ यांनी वाट दाखवली. प्लीहेची धमनी आणि नीला दोन्ही कापायच्या, पण जठराकडून येणाऱ्या आखूड रक्तवाहिन्यांना हात लावायचा नाही. त्यांच्यावर प्लीहा तगते. कधी तिचा काही भाग मरतो, कधी जठराभोवतीच्या शिरा फुगतात. १९९६ मध्ये जपानच्या वातारू किमुरा यांनी दोन्ही मोठ्या वाहिन्या राखून एकेक बारीक फांदी बांधत शेपटी सोडवण्याची पद्धत मांडली. वेळ खाणारं काम, पण गाठ नीलेला चिकटलेली नसेल तर मी हीच पद्धत धरत आलो.

गाठ स्वादुपिंडाच्या मानेपाशी असेल, तर तिथून शेपटीपर्यंतचा सगळा भाग काढावा लागतो आणि प्रश्न इन्सुलिनचा होतो. व्हेरोनात दाग्रादी आणि सेरिओ यांनी फक्त मधला तुकडा काढून उरलेली शेपटी आतड्याला जोडली. यात रस झिरपण्याचा धोका जास्त, दवाखान्यातले दिवसही वाढतात. तरी मधुमेह टळण्याची शक्यता चांगली असते, म्हणून तरुण रुग्णाला हे दोन्ही आधी नीट समजावून मी हीच शस्त्रक्रिया सुचवतो.