वाढीव किंमत आणि वतनाची जमीन

जुन्या फ्लॅटची किंमत का वाढते, हा प्रश्न आपल्या चळवळीत सहसा कोणी विचारीत नाही. तो दलालांचा विषय मानला जातो. मला तो इतिहासाचा विषय वाटतो.

मी पुण्याच्या पूर्वेला मुंढव्यात राहतो. एकेकाळचे हे नदीकाठचे शेतीचे गाव. आज येथून माणसे सकाळी खराडी-हडपसरच्या कचेऱ्यांकडे जातात आणि रात्री झोपायला परततात. आमच्या इमारतीच्या गिलाव्याला भेगा पडल्या आहेत, लिफ्टचे तर बोलायलाच नको. तरीही येथला फ्लॅट दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा विकला जातो तो बहुधा आधीपेक्षा चढ्या भावाने. विटा-सिमेंट तर झिजतच असते. मग वाढते काय? वाढते ती खालची जमीन. फ्लॅटच्या किमतीत त्या जमिनीचा वाटा दडलेला असतो. तेव्हा ही वाढ कोणाच्या पदरात पडली हे पाहायचे तर जमीन कोणाची होती, इथून सुरुवात करावी लागेल.

महारांना वतनाची जमीन गावाने प्रेमापोटी दिलेली नव्हती. वेस राखणे, सांगावे पोचवणे, अंमलदारांची बडदास्त ठेवणे, मेलेली ढोरे ओढणे, अशा रात्रंदिवसाच्या राबणुकीचा तो तुटपुंजा मोबदला. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई विधिमंडळात विधेयक आणले. चाकरी सुटावी, पूर्ण सारा भरून जमीन मात्र महाराकडेच राहावी, अशी त्यात तरतूद होती. ते संमत झाले नाही. वतने गेली ती १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने निर्मूलन कायद्याने. त्याचा अंमल १ ऑगस्ट १९५९ पासून. साऱ्याच्या तिप्पट रक्कम मुदतीत भरली की जमीन वतनदाराला पुन्हा मिळे, पण नव्या शर्तीवर. कलेक्टरच्या परवानगीवाचून ती विकता येणार नाही, तिची वाटणीही करता येणार नाही. पुढे नियम आला तो असा की बिगरशेतीसाठी विकायची तर बाजारभावाच्या निम्मा नजराणा सरकारात भरावा.

मिळताना साऱ्याची तिप्पट आणि विकताना बाजारभावाची निम्मी! बाजारभाव जितका चढेल तितका नजराणाही चढणार.

जमीन धूर्तांनी लुबाडू नये, हा शर्तीमागचा हेतू होता. हेतूविषयी मला शंका नाही. परंतु लेकीचे लग्न वा घरातले आजारपण कलेक्टरच्या परवानगीसाठी थांबत नसते. उघड बाजार बंद, गहाणही परवानगीवाचून नाही. मग साठेखत आणि कुलमुखत्यारपत्र करून जमीन मिळेल त्या रकमेला दुसऱ्याच्या ताब्यात गेली. परवानगीची, नजराण्याची खटपट पुढे तो ताबेदार करी, आणि शर्त सुटली की त्याच मातीला सोन्याचा भाव येई. महाराच्या हाती होती तोवर तिला भाव नव्हता असे नव्हे. तो भाव घेण्याचा मार्ग त्याला नव्हता.

शेजारच्या हडपसरात काय घडले ते पाहा. मगरपट्ट्यातील सव्वाशेच्या आसपास शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि जमिनीच्या प्रमाणात भाग घेतले. २००० सालानंतर तेथे नगर उभे राहिले आणि वाढलेल्या किमतीत मूळ मालक वाटेकरी राहिले. ते शहाणे होते हे मान्य. पण त्यांची जमीन वतनाच्या शर्तीत अडकलेली नव्हती, हेही त्या कौतुकासोबत नोंदवायला नको काय?

नोव्हेंबर २०२५ मध्ये मुंढव्यातील सुमारे चाळीस एकर महार वतन जमिनीच्या विक्रीवरून महाराष्ट्रभर गदारोळ झाला आणि व्यवहार रद्द करण्याची घोषणा करावी लागली. वर्तमानपत्रांनी कोटींचे आकडे छापले, पुढाऱ्यांची नावे छापली. वतनदारांच्या वारसांचे काय, हे बहुधा बातमीच्या शेवटच्या परिच्छेदात होते.

मोठ्या व्यवहाराची निदान बातमी तरी होते. एकर-दीड एकराचे शेकडो व्यवहार तलाठ्याच्या दप्तरात निपचित पडले आहेत. आपल्या कॉलेजातील विद्यार्थ्यांनी शहराला लागून असलेले एकेक गाव घ्यावे, गाव नमुना सहामधील जुने फेरफार काढावेत. वतनदाराच्या हाती किती रक्कम पडली, शर्त केव्हा सुटली, ती कोणी सोडवून घेतली, हे उतरून घ्यावे. आणि त्याच गटावर उभ्या असलेल्या इमारतीतला फ्लॅट आज कितीला विकला जातो, तो आकडा त्याच ओळीत शेजारी लिहावा.